बेसवाल्याचा स्वतःचा बँड असतो का कधी? डेव्ह हॉलंडबद्दल कुणी सांगेल का

चारतारी (सोलापूर):

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. मी सोलापूरचा, वय २६, दिवसा युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला असतो आणि गेली सहा वर्षं लग्नसराई, गणपती, नवरात्र असं एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. वाजवायचो म्हणायला पाहिजे आता, कारण मागच्या महिन्यात आमच्या कीबोर्डवाल्या दादांनी सरळ सांगितलं की सुपाऱ्यांचे रेट पडलेत, बेस मी डाव्या हातानं मारून घेतो, तुझं तसंपण कुणाला ऐकू येत नाही. दादांचा राग आला नाही, राग आला तो याचा की ते खरं होतं. साऊंडचेकला आधी गायिका, मग ऑक्टोपॅड, मग ढोलकी, मग कीबोर्ड, आणि माझा नंबर येईपर्यंत साऊंडवाला चहाला गेलेला असतो. सहा वर्षांच्या व्हिडिओंत आईला मी एकदाच सापडलो, तेही स्पीकरच्या मागं अर्धा खांदा.

तर झालं असं, झाकीरभाई गेल्यापासून रात्री झोपताना त्यांचे व्हिडिओ बघायची सवय लागलीय, त्यात एक दिसला, स्टेजवर तिघंच, झाकीरभाई, एक सॅक्सोफोनवाला आणि माणसापेक्षा उंच बेस धरून उभा असलेला एक गोरा आजोबा. कीबोर्ड नाही, गिटार नाही, कायच नाही. आणि बेस एवढा स्वच्छ येत होता की मी इअरफोन काढून बघितला, बिघडला तर नाही ना. नाव डेव्ह हॉलंड. शोधत गेलो तर कळलं या माणसाचे स्वतःच्या नावावर कितीतरी बँड आहेत, त्यातला एक तर तेरा जणांचा!

आता माझा प्रश्न. मागं उभं राहून वाजवणारा माणूस बँडचा मुख्य कसा काय होतो? सुरुवात कुठल्या रेकॉर्डपासून करू? इंग्रजी लिंका टाकू नका, दोन ओळी वाचल्या की झोप येते.


खर्जातला (मूळ बाळीवेस, सोलापूर, सध्या पुणे):

अरे वा, आपल्या गावातून हॉलंडची चौकशी! आधी तुझ्या व्हिडिओचं सांगतो. त्या तिघांच्या बँडचं नाव क्रॉसकरंट्स, सॅक्सवर ख्रिस पॉटर, 'गुड होप' म्हणून त्यांची रेकॉर्ड २०१९ ला आली. त्याच्या आधी २०१७ ला याच नावानं मोठा ताफा अमेरिकेत फिरला, गायला आपले शंकर महादेवन, पियानोला लुई बँक्स, ड्रमला त्यांचा मुलगा जिनो, गिटारला संजय दिवेचा. मग उरले तिघं, आणि माझ्या कानाला तरी तिथंच ते उघडलं. का ते शेवटी सांगतो, तुझ्या त्या डाव्या हाताच्या दुखण्याशी त्याचा संबंध आहे.

हा माणूस १९४६ चा, इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनचा, म्हणजे कारखान्यांचं गाव, आपल्यासारखंच. चौथ्या वर्षी हातात उकुलेले, म्हणजे छोटी गिटारच, दहाव्या वर्षी गिटार, तेराव्या वर्षी बेस गिटार, पंधराव्या वर्षी शाळेला रामराम. तूसुद्धा सुपाऱ्या मारतोस ना, तसाच तोपण गावातल्या नाचगाण्याच्या बँडमध्ये वाजवून पैसे मिळवायचा. मग रे ब्राऊन आणि लेरॉय व्हिनेगर या बेसवाल्यांच्या रेकॉर्ड कानावर पडल्या आणि पठ्ठ्यानं बेस गिटार देऊन टाकली, डबल बेस घेतला, म्हणजे तू व्हिडिओत बघितलास तो माणसापेक्षा उंच बेस. १९६४ ला लंडन गाठलं, तिथं गिल्डहॉल या संगीतशाळेत शिकायचं आणि रात्री मिळेल तिथं वाजवायचं.

पुढची गोष्ट जॅझवाल्यांत हजारदा सांगून झालीय पण तुला सांगायलाच पाहिजे. १९६८, लंडनचा रॉनी स्कॉट्स क्लब. मुख्य कार्यक्रम पियानोवाल्या बिल एव्हान्सच्या ट्रिओचा, हॉलंड दुसऱ्या ग्रुपात, म्हणजे मुख्य पार्टी जेवायला गेली की वाजवणारे असतात ना, तसा. समोर जॅझमधला बडा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस येऊन बसलेला. त्यानं याच्याशी शब्द बोलला नाही, फिली जो जोन्स या ड्रमरमार्फत निरोप दिला की तू माझ्या बँडमध्ये ये, आणि निघून गेला अमेरिकेला. हा विचार करत बसला की खरं की थट्टा. काही दिवसांनी एजंटचा फोन, तीन दिवसांत न्यूयॉर्कला ये. गेला, रिहर्सल वगैरे नाही, थेट हार्लेममधल्या काउंट बेसीच्या क्लबात स्टेजवर. वय २१. कुणाच्या जागी? तर रॉन कार्टरसारख्या बड्या बेसवाल्याच्या! आपल्याकडं वसंतरावांच्या मैफलीत ऐनवेळी तंबोऱ्याला बसवलं तरी घाम फुटेल, इथं तर पूर्ण बँड याच्या बेसवर उभा राहायचा होता.

माइल्सकडं दोनेक वर्षं. 'इन अ सायलेंट वे' आणि 'बिचेस ब्रू' या दोन्ही रेकॉर्डवर हाच आहे. १९७० च्या ऑगस्टमध्ये आईल ऑफ वाईटच्या फेस्टिव्हलला वाजवलं, सहा लाखांच्या घरात लोक होते म्हणतात. आपल्या गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीची सवय असलेल्यालाही तो आकडा पचत नाही. आणि त्यानंतर या माणसानं काय केलं असेल? सोडलं. माइल्सला आता बेस गिटारवर एकच ठेका धरून ठेवणारा माणूस पाहिजे होता, हॉलंडला डबल बेसवर मोकळं वाजवायचं होतं, म्हणून माइल्सचा पियानोवाला चिक कोरिया आणि हा, दोघं बाहेर पडले आणि अँथनी ब्रॅक्स्टन, बॅरी ऑल्टशूल यांच्याबरोबर सर्कल नावाचा बँड काढला. माइल्सनं स्टीव्ही वंडरकडचा मायकल हेंडरसन घेतला आणि त्यानं ते काम लै भारी केलं, त्यामुळं कोण बरोबर कोण चूक असं काही नाही यात.

१९७२ ला त्याची पहिली स्वतःच्या नावाची रेकॉर्ड झाली, 'कॉन्फरन्स ऑफ द बर्ड्स'. तू इथून सुरू कर. लंडनला त्याच्या घराला छोटी बाग होती, उन्हाळ्यात पहाटे चार-पाचला एकेक पक्षी येऊन आपापलं गायला लागायचा, सगळे मोकळे आणि तरी सगळे मिळून, त्यावरून ते नाव. टायटलची धून बेसपासून सुरू होते, एकटा बेस. मग बासरी आणि सोप्रानो सॅक्स वरून येतात.

पण, आणि हा 'पण' नीट वाच, एवढी रेकॉर्ड करूनसुद्धा हा लगेच बँडलीडर झाला नाही. पुढची सात-आठ वर्षं सॅक्सवाल्या सॅम रिव्हर्सच्या बँडमध्ये, शिवाय जॉन ॲबरक्रॉम्बी आणि जॅक डीजॉनेटबरोबर गेटवे हा तिघांचा ग्रुप, एक आख्खी रेकॉर्ड तर एकट्या बेसची. ऐंशीच्या सुरुवातीला मरता मरता वाचला इतका आजारी पडला. कायमचा म्हणावा असा स्वतःचा बँड उभा केला १९८३ ला, 'जंपिन इन'. वय ३६-३७. तेव्हा २६ ला घाई करू नकोस.

आता डावा हात. जंपिन इनमध्ये कोण कोण बघ. ट्रम्पेट केनी व्हीलर, आल्टो सॅक्स स्टीव्ह कोलमन, ट्रॉम्बोन ज्युलियन प्रीस्टर, ड्रम स्टीव्ह एलिंग्टन, बेस स्वतः. पियानो कुठाय? नाही. पक्ष्यांच्या रेकॉर्डमध्ये पियानो? नाही. नव्वदीच्या शेवटचा तो गाजलेला पाच जणांचा बँड, पॉटर, रॉबिन युबँक्स, बिली किल्सन, त्यात पियानोच्या जागी स्टीव्ह नेल्सनचं व्हायब्राफोन, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या धातूच्या पट्ट्या. तेरा जणांच्या बिग बँडमध्येसुद्धा पियानो नाही, आणि त्या बँडच्या 'व्हॉट गोज अराउंड' ला ग्रॅमी मिळालं. पियानोचा डावा हात बेसच्या घरात राहायला येतो रे, भाडं न देता. तो काढला की खालची सगळी जागा रिकामी, मग बेसवाला दोन सूर लावतो आणि वरच्यांना त्यावर उभं राहावं लागतं. कुठला कॉर्ड (एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ) चाललाय हे बेस ठरवायला लागतो. तुमच्या दादांनी बेसवाला काढून डावा हात ठेवला, हॉलंडनं डावा हात काढून बेसवाला ठेवला, बास.


गड्डा_एक्सप्रेस (सोलापूर):

काय करलालास बे भावा. आमच्या मंडळात डीजे सोडून कायच चालत नाही, तू जॅझ घेऊन कुठं निघालास. हुतात्मा स्मृती मंदिरात फुकट ठेवलास तरी पहिल्या दोन रांगा तुझे पाव्हणेच. वरची पोस्ट मात्र पूर्ण वाचली मी, डाव्या हाताचं भाडं लै आवडलं.


चारतारी:

गड्डा भाऊ, पाव्हणेपण येणार नाहीत, काकाला विचारलं तर म्हणाला जेवण आहे का.

खर्जातला काका (काका म्हटलं तर चालेल ना), तुमची पोस्ट कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचली, डबा तसाच राहिला. पक्ष्यांची रेकॉर्ड ऐकली. टायटलची धून आवडली, बाकीचं काही काही डोक्यावरून गेलं, सगळे एकदम भांडल्यासारखे वाजवतात. एक अडचण आहे, मला ती धून मोजता येत नाही. चारात धरली की सुटते, तिनात धरली की सुटते. आणि डबल बेस घ्यायलाच लागतो का?


एकमात्रा_उशीर (पंढरपूर):

मोजता येत नाही कारण ती पाचात आहे. मी तबल्याचा माणूस, जॅझमधलं कळत नाही, पण ही धून मुलानं ऐकवली तेव्हा पाच मिनिटांत मांडीवर हात चालू झाला. झपताल येतो का तुला? धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दोन-तीन-दोन-तीन. त्याचा अर्धा तुकडा घे, झालं तुझं. मात्र झपतालाचं वजन जसंच्या तसं त्यावर लादू नकोस, त्यांच्याकडं खाली-भरी नाही, बेसचीच ओळ परत परत फिरते आणि तीच ठेका असते. म्हणजे आपल्याकडं लेहरा धरून सारंगीवाला किंवा पेटीवाला बसतो आणि तबलजी मोकळा सुटतो, तसंच, फक्त लेहरा बेसकडं. मला तर वाटतं झाकीरभाईंची आणि त्यांची जोडी जमली ती यामुळंच, एकाला आयुष्यभर लेहऱ्याबरोबर खेळायची सवय आणि दुसऱ्याला लेहरा लिहायची.

लेहऱ्याला बसणारा मुख्य नसतो असं समजू नका. तो अर्धी मात्रा सरकला की वरचा उस्ताद असू दे नाहीतर कोण, सम चुकते. माझं तर नावच त्यावरून पडलंय.


खर्जातला:

काका म्हण, दादा म्हण, काही हरकत नाही, केस गेलेत आता. उशीररावांनी लेहऱ्याचं जे सांगितलं ते मला एवढी वर्षं ऐकून सुचलं नव्हतं, मान गये.

डबल बेसच्या नादाला आत्ता लागू नकोस. तारा त्याच चार, ई ए डी जी, सूरही तसेच लावायचे, पण पडदे नाहीत, हात वेगळा, वाद्य रिक्षात मावत नाही. हॉलंडनंसुद्धा माइल्सकडं शेवटी शेवटी बेस गिटार वाजवलीच की. तुझ्याकडं आहे त्यावर एक ओळ लिही, पाचात किंवा सातात, आणि ती अर्धा तास न थकता, न सजवता वाजवून बघ. माझा अनुभव सांगतो, दहाव्या मिनिटाला हात शिवशिवायला लागतो, काहीतरी करामत करावी वाटते. ती करायची नाही.


रेकॉर्डवाली (कोल्हापूर):

सगळ्यांचं छान चाललंय पण मिंगसचं नाव कुणीच काढेना म्हणून लिहितेय. बेसवाला बँडलीडर म्हटलं की पहिलं नाव चार्ल्स मिंगस, मग बाकीचे. आणि तो हॉलंडसारखा शांतपणे वाट बघणारा अजिबात नव्हता. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये लागला तर थोड्याच दिवसांत ट्रॉम्बोनवाल्याशी मारामारी करून हाकलला गेला. पुढं स्वतःच्या बँडमधल्या दुसऱ्या ट्रॉम्बोनवाल्याचा दात पाडला, कोर्टात गेलं ते. (ट्रॉम्बोनवाल्यांवरच राग का होता कोण जाणे.) चारतारी, तुझं ते 'ऐकू येत नाही' वाचलं आणि मला हेच आठवलं. १९५३ ला टोरंटोच्या मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, मॅक्स रोच आणि मिंगस असा एकच कार्यक्रम झाला, त्याचं रेकॉर्डिंग केलं तर बेस नीट आलाच नाही. मिंगसनं काय करावं? टेप घेऊन स्टुडिओत गेला आणि स्वतःचा बेस वरून परत वाजवून भरला! कंपनी त्याची आणि मॅक्स रोचची होती ना, डेब्यू रेकॉर्ड्स, आदल्याच वर्षी काढलेली. स्वतःची कंपनी असली की साऊंडवाला चहाला जात नाही.

हॉलंडनंही हेच केलं, फक्त फार उशिरा. तीसेक वर्षं ईसीएम या रेकॉर्ड कंपनीकडं रेकॉर्ड केल्या आणि २००५ ला डेअर टू नावाचं स्वतःचं लेबल काढलं. त्यावरच्या पहिल्याच रेकॉर्डला, 'ओव्हरटाइम' ला, बिग बँडचं दुसरं ग्रॅमी. मिंगसनं जे तिशीत केलं ते यानं साठीला टेकल्यावर.

बँड चालवायची रीतही उलटी. मिंगसनं १९५५ नंतर नोटेशनचा कागद देणंच बंद केलं म्हटलं तरी चालेल, इतकं तोंडी शिकवायचा, पियानोवर वाजवून, गाऊन, आपल्या गुरुजींसारखं. चुकलं तर भर कार्यक्रमात गाणं थांबवून बोलायचा. हॉलंडच्या बँडमध्ये तसा आरडाओरडा ऐकला नाही कधी, तिथं माणसं निवडतानाच काम झालेलं असतं. मला विचाराल तर मिंगसचं संगीत जास्त आवडतं, पण त्याच्या बँडमध्ये नोकरी नको.

आणि एक, मिंगसच्या अस्थी गंगेत सोडल्यात. १९७९ ला मेक्सिकोत गेला, त्याच्या इच्छेप्रमाणं बायको घेऊन आली होती इथं. जॅझचा नि आपला संबंध काय विचारणाऱ्यांना मी हे सांगते आणि विषय बदलते.


डावखुरा_पियानो:

मी पियानोवाला, माझ्यावर एवढी पोस्ट लिहिलीत तर बोलायलाच पाहिजे. खर्जातला साहेब, तुम्ही गैरसोयीची बाजू गाळलीत. 'पास इट ऑन' (२००८) मध्ये मलग्रू मिलर पियानोवर आहे, 'प्रिझम' (२०१३) मध्ये क्रेग टॅबोर्न, आणि केनी बॅरनबरोबर तर दोघांचीच रेकॉर्ड आहे, २०१४ ची, फक्त पियानो आणि बेस. त्यात बेस ऐकू येत नाही का? येतो की. केनी बॅरन त्याला जागा देतो म्हणून येतो. दोष डाव्या हाताचा नाही, दुसऱ्याचं न ऐकता वाजवणाऱ्याचा.

चारतारी मित्रा, तुझ्या दादांना हात कमी करायला सांगायची हिंमत तुझ्यात सहा वर्षांत झाली नाही, हेपण जरा बघ. राग मानू नकोस.


खर्जातला:

मान्य, शंभर टक्के मान्य. बॅरनची रेकॉर्ड मी मुद्दाम गाळली कारण माझा मुद्दा पडत होता, हे लिहून देतो. तरी वर्षं बघा, लागोपाठ पियानो यायला लागला तो साठीनंतर. आधी वीसेक वर्षं पियानोशिवाय राहून यानं आपलं घर पक्कं केलं, मग पाहुणे बोलावले. २६ वर्षांच्या पोरानं आधी रिकाम्या घरात राहून बघावं असं मला अजूनही वाटतं.


डावखुरा_पियानो:

घर म्हणे. ठीक आहे, हे पटलं.


रेकॉर्डवाली:

एस्पेरांझा स्पाल्डिंगपण ऐक रे चारतारी, डबल बेस वाजवता वाजवता गाते, बेसची ओळ एकीकडं नि गळा भलतीकडं. २०११ ला नवोदितांचं ग्रॅमी तिला मिळालं, जस्टिन बीबर रांगेत असताना, त्याच्या चाहत्या पोरींनी किती शिव्या घातल्या तिला. पाया सोडून वर जायचं नाही हा नियम तिच्याकडं बघून मोडतो.


चारतारी:

तीन आठवड्यांनी येतोय, कारखान्यात शाळांच्या ऑर्डरी होत्या, जूनच्या आधी आम्हाला श्वास नसतो.

डावखुरा सर, राग नाही आला. आला होता, दोन दिवस. मग दादांना जाऊन भेटलो आणि हे सगळं बोललो, ते हसले, म्हणाले मला कधी बोललाच नाहीस. सुपारी नाही मिळाली परत, पण त्यांचा जुना बेस अ‍ॅम्प पडून होता तो वापरायला दिला.

मग मी दोघं जमवले. एक वरातीच्या ब्रास बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवणारा मित्र, त्याला मे महिना सोडला तर कामच नसतं, आणि एक मामाचा मुलगा, ढोलकी. कीबोर्ड नाही. चुलत भावाच्या गोडाऊनच्या माडीवर रविवारी सकाळी बसतो. उशीर सरांनी सांगितल्यासारखं दोन-तीन धरून एक ओळ केली, फक्त सहा सुरांची. मामाचा मुलगा तिसऱ्या मिनिटाला हळूच केरव्यात घुसतो, त्याला कळतसुद्धा नाही, सॅक्सवाला मध्येच लग्नातल्या गाण्याचा तुकडा मारतो आणि आम्ही तिघं हसत बसतो. मी मात्र ओळ सोडत नाही. काका तुम्ही म्हणाला होता दहाव्या मिनिटाला हात शिवशिवतो, माझा चौथ्यालाच शिवशिवला. परवा पहिल्यांदा असं झालं की मी एक सूर बदलला, खालचा घेतला, आणि सॅक्सवाल्यानं न सांगता आपली फिरत बदलली, वळून बघितलं माझ्याकडं. सहा वर्षांत स्टेजवर कुणी माझ्याकडं वळून बघितलं नव्हतं.

तर तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या काकू. म्हणाल्या पोरांनो तुमचं ते पिपाणी आणि ढोलकी चालू दे, पण ते भिंतीतून धुम् धुम् काय येतंय, मिसळणाचा डबा हलतोय फळीवर, ते तेवढं कमी करा.

मी लगेच सॉरी म्हटलं. मग जिन्यात जाऊन काकूंना परत विचारलं, नक्की ऐकू येत होतं ना, अगदी स्वयंपाकघरापर्यंत?